पेवात सोडलेला कंदील आणि तंबूतला हीटर: ज्योत नक्की काय मोजते?

सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. संगमेश्वराचं देऊळ बघायला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. पण गावाची दुसरी ओळख जमिनीखाली आहे. इथे हळद पेवात साठवायची पद्धत होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत फुगत गेलेलं कोठार. उकडून, वाळवून तयार केलेली हळकुंडं त्यात भरायची आणि तोंड दगडमातीनं बंद करायचं. मग बाजारभाव मनासारखा येईपर्यंत, कधी वर्ष तर कधी त्याहून जास्त, माल आतच. कीड लागत नाही, रंग टिकतो. ‘अमक्याचं पेव फुटलं’ असं आपण सहज बोलतो ना, ते पेव हेच.

आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, तर लगेच विचारा: कीड का लागत नाही? कारण किडीला लागणारा ऑक्सिजन तिथे उरत नाही. मालातला थोडा ओलावा, सूक्ष्मजीव, चुकून आत गेलेले किडे हे सगळे मिळून बंद जागेतला ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. शेवटी आतली हवा अशी होते की तिच्यात कीड जगत नाही.

आणि माणूसही जगत नाही. पेव उघडल्यावर माल काढायला कुणाला तरी आत उतरावं लागतं. म्हणून रीत अशी होती: आधी तोंड उघडून काही तास पेव तसंच ठेवायचं. मग पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू आत सोडायचा. कंदील तळाशी जाऊनही जळत राहिला तर माणूस उतरणार. मध्येच विझला तर थांबायचं.

हा लेख या कंदिलाबद्दल आहे. पण मी त्याच्याकडे वळलो ते एका वेगळ्याच प्रश्नावरून. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, लोक बर्फाला भोक पाडतात, त्यावर छोटा तंबू ठोकतात आणि आत बसून गळ टाकून मासे धरतात. तंबूत ऊब राहावी म्हणून लहानसा प्रोपेनचा हीटर नेतात. मूळचा मिरज-सांगलीचा हा गडी आता तोही करायला लागलाय. त्यानं मला विचारलं, ‘तू फिजिकल केमिस्ट्रीवाला ना? मग कुठला हीटर घेऊ सांग.’ दुकानातल्या बहुतेक हीटरवर एक अक्षरसमूह छापलेला असतो: ओडीएस. म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करणारा सेन्सर. हा सेन्सर म्हणजे काय, हे उकलायला बसलो आणि थेट हरिपुरात पोहोचलो. कारण त्या सेन्सरमध्ये चिप नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही. आत एक बारीक ज्योत आहे. पेवात सोडलेल्या कंदिलाचाच हा धाकटा भाऊ.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी एक आडवाटेची सूचना इथेच देऊन टाकतो, नंतर विसरेन. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण सातारचं नाव सांगली झालं ते १९६० मध्ये. त्याआधी सांगली हे पटवर्धनांचं संस्थान, मिरज वेगळं, औंध वेगळं. त्यामुळे हळदीच्या व्यापारावर कुणी काम करणार असेल आणि कॅटलॉगमध्ये फक्त ‘सांगली जिल्हा’ शोधत बसला, तर मधली अकरा वर्षं हातातून निसटतील. ‘दक्षिण सातारा’ हा शब्द टाकून बघा. आणि त्याआधीच्या काळासाठी ब्रिटिश जिल्ह्याचे कागद वेगळे, संस्थानांचे दफ्तर वेगळं.

तर, कंदील. आपल्या भागात कंदील म्हटलं की प्रभाकर कंदील. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीत काचेचा कारखाना काढला. त्याभोवती जी वस्ती उभी राहिली ती ओगलेवाडी. आजही कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीतच आहे. किर्लोस्करवाडीही औंध संस्थानातलीच. या छोट्या संस्थानानं कारखानदारांना दिलेली जागा आणि आधार यावर वेगळं लिहायला हवं. ओगल्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर, तेच कंदिलाला मिळालं. प्रभाकर म्हणजे सूर्य, त्यामुळे नाव चपखल बसलं. वीज पोहोचेपर्यंत गोठ्यात, रानात, दुकानात, पालखीत हाच उजेड.

कंदिलाची रचना नीट बघण्यासारखी आहे. घरी माळ्यावर जुना असेल तर खाली काढा. दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या असतात. त्या नुसत्या पकडायच्या दांड्या नाहीत, त्या कंदिलाच्या श्वासनलिका आहेत. वरून हवा घेऊन त्या ती खाली बर्नरपाशी पोहोचवतात. जॉन अर्विन या अमेरिकन माणसानं १८६८ मध्ये अशा नळ्यांच्या कंदिलाचं पेटंट घेतलं. त्याच्या पहिल्या रचनेत काचेतून वर आलेली गरम हवाच नळ्यांत शिरायची, म्हणजे एकदा वापरलेली हवा थोड्या ताज्या हवेत मिसळून पुन्हा ज्योतीला. त्याला हॉट ब्लास्ट म्हणतात. पुढे १८७० च्या दशकात त्यानंच सुधारणा केली: जळालेली हवा मधल्या धुराड्यातून बाहेर आणि नळ्यांत फक्त ताजी थंड हवा. हा कोल्ड ब्लास्ट, उजेडाला जास्त चांगला.

आता विचार करा. हॉट ब्लास्ट कंदील स्वतःचाच उच्छ्वास परत घेतो. म्हणजे त्याच्या ज्योतीला मिळणारा ऑक्सिजन बाहेरच्या हवेपेक्षा आधीच कमी. मग पेवात तो कोल्ड ब्लास्टपेक्षा थोडा लवकर विझायला हवा. उजेडासाठी जो कंदील कमी प्रतीचा, तो इशारा देण्यासाठी कदाचित बरा! हा माझा तर्क आहे, मोजमाप नाही. पण एखाद्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला हे छान होईल: बंद पेटी, एक ऑक्सिजन मीटर आणि दोन जुने कंदील. खर्च जवळपास शून्य.

ज्योत आणि प्राण एकाच गोष्टीवर चालतात ही कल्पना प्रयोगशाळेत आली ती सतराव्या शतकात. जॉन मेयो या इंग्रज वैद्यानं १६७४ मध्ये छापलेल्या ग्रंथात काचेखाली कोंडलेल्या लहान प्राण्याचे प्रयोग दिले आहेत. प्राणी एकटा असेल तर तो जितका वेळ जगतो, त्याच्या साधारण निम्माच वेळ तो सोबत दिवा जळत असताना जगतो. दिवा आधी विझतो, प्राणी त्यानंतर. ऑक्सिजन हे नावही तेव्हा नव्हतं. ते लव्हाझिएनं शंभर वर्षांनी दिलं. मला हा प्रयोग वाचताना सारखा तो बर्फावरचा तंबू दिसतो. काचेचं भांडं म्हणजे तंबू, दिवा म्हणजे हीटर, आणि प्राणी म्हणजे आमचा मावसभाऊ.

मेयोच्या निकालात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, दिवा हवा खातो, म्हणून तो धोका आहे. दोन, दिवा माणसाआधी विझतो, म्हणून तो इशारा आहे. पेवात फक्त दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण कंदील दोन मिनिटं आत असतो, तो कितीशी हवा खाणार? तंबूत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

किती हवा खातो ते काढूया. हिशेब बारावीचा आहे, पण तो केल्याशिवाय कुणी हीटर घेऊ नये असं माझं मत. असे हीटर साधारण चार हजार ते नऊ हजार बीटीयू दर तासाला एवढे असतात. नऊ हजार म्हणजे सुमारे २.६ किलोवॅट. प्रोपेन जाळल्यावर किलोला अंदाजे ५० मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे तासाला १९० ग्रॅम प्रोपेन लागेल. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. ४४ ग्रॅमला १६० ग्रॅम. म्हणजे तासाला जवळजवळ ६९० ग्रॅम ऑक्सिजन. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या थोडा वर, तासाला २५ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन वापरतो. थोडक्यात, फुल्ल चालणारा एक हीटर तंबूत असणं म्हणजे आणखी पंचवीसएक माणसं आत बसल्यासारखं आहे.

तंबू दोन मीटर लांब, दोन रुंद, दोन उंच धरा. आठ घनमीटर हवा, त्यात सुमारे २.४ किलो ऑक्सिजन. तंबू पूर्ण हवाबंद असता तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर यायला, म्हणजे सातवा भाग संपायला, अर्धा तास पुरे. खरा तंबू हवाबंद नसतो, वारा शिरतो, म्हणून लोक जगतात. पण कडाक्याची थंडी पडली की माणूस पहिलं काय करतो? फटी बुजवतो, कडेनं बर्फ लावतो. तिथेच हिशेब कागदावरच्या आकड्याकडे सरकायला लागतो. जाता जाता, त्याच १९० ग्रॅम प्रोपेनमधून तासाला ३०० ग्रॅमच्या वर पाणी तयार होतं. तंबूच्या आतल्या कापडावर जे थेंब साचतात ते बहुतेक हेच. लोकांना वाटतं बर्फ वितळतोय.

प्रोपेनच का, आपल्या घरच्या सिलिंडरचा गॅस का नाही, हाही प्रश्न आलाच असेल. आपला एलपीजी हा प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतं; प्रोपेन उणे ४२ ला. गोठलेल्या तळ्यावर उणे पंधरा अंशात ब्यूटेन सिलिंडरच्या तळाशी द्रव होऊन पडून राहील, बर्नरपर्यंत येणारच नाही. साताऱ्यात, अगदी महाबळेश्वरच्या पहाटेलासुद्धा, हा प्रश्न येत नाही. साताऱ्याची जी मुलं फौजेतून लडाखला जातात त्यांना मात्र तो चांगला माहीत असतो. आणि दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत हेही लक्षात ठेवा. गळती झाली तर प्रोपेन तंबूच्या जमिनीलगत साचेल, पेवातल्या कार्बन डायऑक्साइडसारखाच.

आता दुकानात दोन प्रकार दिसतात. एक उघड्या ज्योतीचा किंवा तापून लाल होणाऱ्या जाळीचा. दुसरा कॅटॅलिटिक, ज्यात ज्योत जवळजवळ नसतेच. प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असलेल्या गादीवर गॅस आणि ऑक्सिजन शांतपणे जुळतात. गंमत अशी की दोघांचंही मूळ एकाच माणसाच्या एकाच कामात सापडतं. हम्फ्री डेव्हीनं १८१५ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी सुरक्षित दिवा बनवला: ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, म्हणजे ज्योत बाहेरच्या स्फोटक वायूपर्यंत जात नाही. हाच दिवा खाणकामगारांचा हवामापक बनला. ज्योतीवर निळसर टोपी दिसली तर मिथेन आहे, ज्योत मंद झाली तर ऑक्सिजन कमी आहे. दिव्यावर काम चालू असतानाच, १८१७ च्या सुमारास, डेव्हीच्या लक्षात आलं की वायू आणि हवेच्या मिश्रणात ज्योत विझल्यावरही प्लॅटिनमची गरम तार लाल राहते. ज्योतीशिवाय ज्वलन. शाळेत आपण उत्प्रेरकाची व्याख्या पाठ करतो, पण त्यातलं एक पहिलं उदाहरण खाणीतल्या माणसांचा जीव वाचवायच्या धडपडीतून आलं हे कुणी सांगत नाही.

यातून हीटर घेणाऱ्यानं काय घ्यायचं? ज्योत जिथे दमते तिथेही प्लॅटिनम काम करत राहू शकतं. कॅटॅलिटिक हीटर सौम्य असतो, कार्बन मोनॉक्साइड सहसा कमी सोडतो, सगळं बरोबर. पण ‘ऑक्सिजन कमी झाला की आपोआप विझेल’ हा भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही. त्याला वेगळी सोय लागते. मी भावाला ज्योतीवाला, ओडीएस असलेला सांगितला.

ओडीएस असं चालतं. मुख्य बर्नरशेजारी एक छोटी पायलट ज्योत असते. ती थर्मोकपलच्या टोकावर टेकलेली असते. थर्मोकपल गरम असेपर्यंत किंचित वीज निर्माण होते, त्या विजेवर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. पायलटचं तोंड इतकं मोजून पाडलेलं असतं की ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत ढिली पडते, आपल्या जागेवरून उचलली जाते आणि थर्मोकपलपासून सुटते. थर्मोकपल थंड, वीज बंद, चुंबक सुटला, झडप मिटली. अमेरिकेत धुराडं नसलेल्या गॅस हीटरना ही सोय सक्तीची झाली ती १९८० च्या आसपास.

१८ हाच आकडा का? साधा कंदील किंवा मेणबत्ती १६–१७ टक्क्यांना विझते. समुद्रसपाटीवर १७ टक्क्यांना धडधाकट माणसाला फारसं काही जाणवत नाही. १० ते १२ वर ओठ निळे पडतात, विचार बिघडतो, दहाच्या खाली शुद्ध हरपते. म्हणजे हरिपूरच्या कंदिलालाही बरीच गुंजाइश होती, आणि पायलट ज्योत जाणूनबुजून त्याच्याही आधी हार मानेल अशी घडवली आहे.

इथपर्यंत सगळं छान जुळतं. आता जिथे जुळत नाही तिथे येऊ.

स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यानं १८९० च्या दशकात खाणींतल्या हवेचं पृथक्करण केलं. खाणकामगार ज्याला ‘काळी वाफ’ अशा अर्थाचं नाव देत, त्या दिवा विझवणाऱ्या हवेत कुठला गूढ वायू नसून प्रामुख्यानं नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड आहे हे त्यानं दाखवलं. ऑक्सिजन खाल्ला गेला, मागे उरलं ते हे. तंतोतंत पेवातली हवा! पेवात श्वसनानं जेवढा ऑक्सिजन जातो तेवढाच कार्बन डायऑक्साइड साधारण येतो. ऑक्सिजन १७ वर आला तर दुसरा चार टक्क्यांच्या आसपास असणार, आणि एवढ्यावर माणसाला जोरात धाप लागते. म्हणून एक मोजलं की दुसऱ्याचाही अंदाज येतो. कंदील पेवासाठी इतका चांगला का, त्याचं उत्तर कंदिलात नाही, पेवात आहे. तिथे मारणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत.

पण १८९६ मध्ये हाल्डेननं खाणीतल्या स्फोटांमधल्या मृत्यूंचा अहवाल दिला, आणि त्यात निष्कर्ष निघाला की बहुतेक माणसं स्फोटाच्या धक्क्यानं नाही तर नंतरच्या कार्बन मोनॉक्साइडनं मेली. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. हवेत तो हजारात एक भाग असला तरी काही तासांत जीव जाऊ शकतो. आणि हजारात एक भागानं ज्योतीला काय फरक पडतो? काहीच नाही. दिवा झकास जळत राहतो, शेजारी माणूस बेशुद्ध. म्हणूनच हाल्डेननं उंदीर आणि छोटे पक्षी खाणीत न्यायला सुचवलं, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान, ते माणसाच्या आधी कोसळतात. ब्रिटिश खाणींतले कॅनरी पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. तोपर्यंत इलेक्ट्रॉनिक मीटर आले होते.

ओडीएसनं ऑक्सिजन मोजला, कार्बन मोनॉक्साइड नाही. हवा पुरेशी असली तरी बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं असेल, जाळी चिरली असेल, ज्योत पिवळी जळत असेल, तर हा वायू तयार होतो आणि पायलट ज्योत निवांत असते. म्हणून तंबूत हीटरबरोबर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. मी तर म्हणेन हीटर थोडा स्वस्तातला घ्या, पण अलार्म घ्याच. तंबूला खाली एक आणि वर एक फट उघडी ठेवा, आणि हीटर चालू ठेवून झोपू नका.

हे मिनेसोटाचं झालं असं समजू नका. आपल्याकडे हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गिझरनं माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाच फूट बाय चार फुटांची न्हाणी, खिडकी थंडीनं बंद, आत धुराडं नसलेला गिझर. तो हीटरच आहे, फक्त पाण्याचा, आणि तंबूतल्या हीटरपेक्षा कितीतरी मोठा. खोलीत निखाऱ्याची शेगडी घेऊन झोपण्याचंही तसंच. निखारा तर धूर न करता कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्यामुळे तो ‘स्वच्छ’ वाटतो. आणि हरिपूरची युक्ती ऐकून कुणी सेप्टिक टँकमध्ये किंवा गोबरगॅसच्या टाकीत कंदील सोडू नका. तिथे मिथेन असतो, भडका उडेल. किंवा हायड्रोजन सल्फाइड असतो, जो दिवा न विझवता माणूस मारतो.

हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात आला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. लहानपणी बापानं त्याला खाणीत नेलं, एका जागी उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. थोड्याच वेळात पोराला धाप लागली आणि तो खाली पडला. खाली पडताच बरा झाला. कारण मिथेन हलका, छताशी साचलेला. जमिनीलगतची हवा ठीक होती. पेवात बरोबर उलटं. वाचताना मला बापाचा राग येतो, पण कुठल्या उंचीवर मोजलं हे लिहिल्याशिवाय मोजमाप अपुरं, हे त्या पोराला जन्मभर पुरलं असणार. कंदील तळापर्यंत सोडायचा असतो तो याचसाठी.

शेवटचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. हीटरच्या माहितीपत्रकात एक वाक्य असतं: सात हजार फुटांच्या वर हा हीटर बंद पडू शकतो. का? तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. हवा विरळ असते, पण तिचं प्रमाण बदलत नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीवरच्या १३–१४ टक्क्यांच्या हवेइतका असतो. १३–१४ टक्क्यांच्या पेवात कंदील कधीच विझलेला असेल. पण लेहमध्ये कंदील जळतो, मेणबत्ती जळते.

म्हणजे कंदिलाची ज्योत मुख्यतः प्रमाण बघते, ऑक्सिजनच्या एका रेणूमागे किती नायट्रोजन फुकट तापवावा लागतो ते. आपलं रक्त बघतं आंशिक दाब. १९११ मध्ये हाल्डेन आणि त्याचे सहकारी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर काही आठवडे राहिले ते श्वासाचं हेच गणित तपासायला. आणि ओडीएसची पायलट ज्योत यांपैकी काहीच धडपणे बघत नाही. तिच्या तोंडातून गॅस ठरल्या दाबानं येतो आणि सोबत हवा ओढून घेतो. उंचावर तीच ओढ विरळ हवा आणते, मिश्रणात गॅस जास्त होतो, ज्योत ढिली पडते, सुटते. तिच्या दृष्टीनं ऑक्सिजन संपला. हरिपूरच्या उंचीवर कंदील, माणूस आणि पायलट ज्योत तिघंही जवळपास एकच उत्तर देतात, म्हणून आपल्याला वाटतं तिघं एकच गोष्ट मोजतात. वर चढत गेलं की तिघांची उत्तरं फाटतात.

महाबळेश्वर साडेचार हजार फूट, तिथे ओडीएस त्रास देणार नाही. मिनेसोटातली तळी तर त्याहून कितीतरी खाली. पण डोंगरावर तंबू ठोकणाऱ्यांचा हीटर पुन्हा पुन्हा विझतो, आणि मग कुणीतरी वैतागून थर्मोकपल वाकवून मुख्य ज्योतीत घालतं म्हणजे झडप उघडी राहील. हीटर पेटता राहतो. पण आता त्या तंबूत ऑक्सिजन खरोखर कमी झाला तरी सांगणारं कुणी नाही, आणि आत बसलेल्या माणसाला त्या उंचीवर आधीच श्वास कमी पडत असतो.